आमचं कुटुंब गरीब आहे की नाही? प्रत्येक खिडकीवर वेगळं उत्तर

पार्कसाइटकर:

नमस्कार मंडळी. बहिणीची बारावी झाली. तिच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला घेतला आणि त्या निमित्ताने घरातले सगळे कागद बाहेर आले. ते बघून जो प्रश्न पडला तो इथे टाकतोय, कारण घरी विचारला की पप्पा चिडतात.

आम्ही चौघं. विक्रोळी पार्कसाइटला टेकडीवर भाड्याची खोली, भाडं सात हजार. पप्पा दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवतात. मालकाचे पैसे आणि सीएनजी वजा जाता महिन्याला पंधराएक हजार हातात येतात. आई दोन घरी पोळ्या करते, तिचे पाच. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. म्हणजे वर्षाचे झाले २ लाख ४० हजार.

आता सरकारच्या लेखी आम्ही कोण? रेशन कार्ड केशरी. ते काढलं तेव्हा १५ हजार ते १ लाख या पट्ट्यात बसत होतो. पण त्यावर धान्य नाही, कारण त्याला प्राधान्य कुटुंबाचा शिक्का लागतो आणि शहरात त्याची मर्यादा वर्षाला ५९ हजार. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! एवढ्यात मुंबईत घर चालवणारं कुटुंब मला कोणी दाखवा. आरटीईच्या २५ टक्के जागांना १ लाख. लाडकी बहीणला अडीच लाख, तिथे आई बसली, दीड हजार येतात. म्हाडाच्या सोडतीत मुंबईत ६ लाखांपर्यंत ‘अत्यल्प उत्पन्न गट’. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला ८ लाख. म्हणजे एका खिडकीवर आम्ही दुर्बल, दुसरीवर खाऊनपिऊन सुखी.

त्यात वाचलं की जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२-२३ मध्ये भारतात अतिगरीब फक्त ५.३ टक्के उरलेत. आणि कॉलेजात सर सांगतात की वरच्या १ टक्का लोकांकडे देशाची ४० टक्के संपत्ती आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? आणि आम्ही नक्की कुठे?

स्पष्टवक्ता_ठाणे:

राग मानू नका, पण टेकडीवरच्या खोलीतही आज टीव्ही आहे, मोबाइल आहे, गॅस आहे, बँकेत खातं आहे. गरिबी आमच्या वडिलांनी पाहिली, कंदिलाखाली अभ्यास केला त्यांनी. आता गरिबी फक्त अर्ज भरताना आठवते. बाकी चालू द्या.

नमुनेवाले काका:

पार्कसाइटकर, तुझा प्रश्न घरगुती नाही रे बाबा, त्यावर मोठमोठ्या समित्या बसल्यात. मी सरकारी नमुना पाहणीत घरोघर फिरून खर्च विचारायची नोकरी केली, बरीचशी मुंबईत, थोडी रायगडात. आता निवृत्त आहे. हे टक्के ज्या आकड्यांवरून निघतात ते गोळा करणाऱ्यांतला मी एक. आमच्या प्रश्नावलीत ‘गरीब आहे का’ असा रकानाच नव्हता. तेल किती, तूरडाळ किती, रॉकेल किती, रेशन कार्ड कुठलं, एवढं लिहायचं आणि पुढच्या दाराची कडी वाजवायची. गरीब कोण हे दिल्लीत ठरायचं.

तू दिलेले बहुतेक आकडे गरिबी मोजायला काढलेलेच नाहीत. ते योजनांचे आकडे आहेत. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा घे. देशात ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलं. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के आले, म्हणजे एकूण सात कोटी माणसं, तीही २०११ च्या जनगणनेवरून. किती जणांना द्यायचं ते आधी ठरलं, आणि यादी तेवढ्यात बसवायची तर कुठेतरी रेघ मारावी लागते. ती शहरात ५९ हजारांवर आणि गावात ४४ हजारांवर मारली. एवढ्यात पोट भरतं का, हा प्रश्न त्यात नव्हताच. म्हाडाचं उलटं. त्यांना सोडत लागल्यावर घराचे पैसे भरू शकेल असा ‘अत्यल्प’ माणूस हवा असतो, मग तो ६ लाखांचा का असेना.

खरी दारिद्र्यरेषा वेगळी, आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेत भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. परदेशी निघालेल्या मजुरांना मिळणारा शिधा आणि तुरुंगात कैद्यावर होणारा खर्च यांवरून त्यांनी हिशेब मांडला: माणूस नुसता जगायचा तर १८६७-६८ च्या भावांनी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात, आणि सरासरी उत्पन्न निघत होतं २० रुपये. कैद्याला जेवढं मिळतं तेवढंही रयतेला मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा. माझं मत विचारशील तर आपण अजून त्याच मापाच्या आसपास आहोत. जगायला किमान काय लागतं, एवढंच विचारतो.

पुढे उष्मांक, म्हणजे कॅलरी, आले. १९७९ मध्ये ठरलं की गावात रोज २४०० आणि शहरात २१०० उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे रेषा. १९७३-७४ च्या भावांनी ते महिन्याला माणशी ४९.०९ आणि ५६.६४ रुपये होते. मग वर्षानुवर्षं नुसती महागाई जोडत गेले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीने उष्मांकांचा खुंटा सोडला आणि शिक्षण-औषधपाण्याचा खर्चही धरला. त्या पद्धतीने २०११-१२ मध्ये शहरी रेषा महिन्याला माणशी १००० रुपये आणि देशात गरीब २१.९ टक्के. महाराष्ट्राच्या शहरांसाठी ती ११२६ होती. ‘३२ रुपयांत जगून दाखवा’ ही बोंब आठवत असेल. सप्टेंबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातला तो शहरी आकडा. आकडा लाजिरवाणा होताच, पण तो एका माणसाचा एका दिवसाचा होता. पाच माणसांच्या घराला महिन्याचे ४८०० होतात. हे टीव्हीवर कोणी धड सांगितलं नाही. ओरड झाल्यावर रंगराजन समिती आली. तिने २०१४ मध्ये शहरी रेषा १४०७ वर नेली, आणि रेषा वर गेल्याबरोबर त्याच देशातले, त्याच वर्षातले गरीब २९.५ टक्के झाले. एका रात्रीत कोणी उपाशी पडलं नव्हतं. तो अहवाल सरकारने स्वीकारला नाही आणि त्यानंतर नवी अधिकृत रेषाच आलेली नाही. २०१७-१८ मध्ये खर्चाची पाहणी झाली, तर नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने जाहीर केलं की दर्जाच्या कारणावरून ती प्रसिद्ध करणार नाही. घरोघर जाऊन पाय तुटेस्तोवर भरलेले तक्ते ते. असो.

आता तुझं घर. वीस हजार भागिले चार, माणशी पाच हजार. तेंडुलकरांचे ११२६ महागाईने दुप्पट धरले तरी सव्वादोन हजारांच्या आसपास येतात. तेव्हा रेषेच्या हिशेबाने तुम्ही गरीब नाही, जवळपासही नाही. जागतिक बँकेची रेषा दिवसाला ३ डॉलर. हे बाजारभावाचे डॉलर नव्हेत. तेवढी वस्तू इथे किती रुपयांत मिळते त्यावर काढलेले, साधारण विसेक रुपयांचा एक. म्हणजे २०२१ च्या भावांनी दिवसाला साठेक रुपये. तिच्याही वर आहात.

पण भाड्याची गंमत बघ, कारण मुंबईचा घोळ तिथेच आहे. आम्ही खर्च मोजतो, आणि दिलेलं भाडं हा खर्च धरला जातो. उद्या मालकाने सातचे आठ हजार केले आणि आईने कुठून तरी हजार रुपये उसने आणून ते भागवले, तर आमच्या तक्त्यात तुमचं घर महिन्याला हजार रुपयांनी सुधारलं! शेजारच्या माणसाची खोली स्वतःची असेल तर त्याने भाड्याचे वाचवलेले सात हजार धरले जात नाहीत, म्हणून कागदावर तो तुमच्यापेक्षा गरीब दिसतो. दवाखान्याचंही तेच. अंटॉप हिलला एका बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनची बिलं पिशवीतून काढून पुढ्यात ठेवली, मी रकाने भरले, आणि त्या महिन्यात ते घर वस्तीतलं सगळ्यात ‘खर्चिक’ निघालं. मंगळसूत्र सावकाराकडे होतं. अशा मोठ्या खर्चांना वर्षभराचा काळ धरायची पद्धत नंतर आली, त्याने थोडा फरक पडला, पण मुळातला दोष राहतोच.

स्पष्टवक्तासाहेब, तुम्ही म्हणता ती मोजणीही होते, नीती आयोगाची बहुआयामी गरिबी. त्यात पैसा बघतच नाहीत. पोषण, शाळा, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, बँक खातं असे १२ निर्देशक, प्रत्येकाला ठरलेलं वजन म्हणजे भारांक, आणि एकूण भारांकाच्या एकतृतीयांश इतका अभाव असेल तर घर गरीब. २०१५-१६ मध्ये देशात असे २४.८५ टक्के होते, २०१९-२१ मध्ये १४.९६. महाराष्ट्रात ७.८१. सुधारणा खरी आहे, मी नाकारत नाही. गॅस आला, खाती उघडली, वीज आली. पण त्याच तक्त्यात मुंबईची टेकडी बसवून बघा. दहा घरांत मिळून एक संडास असेल तर तो अभाव धरतात, पण त्याचा भारांक एकवीस भागांतला एक. बाकी सगळ्यावर बरोबरची खूण. शंभर चौरस फुटांत किती माणसं झोपतात, पावसाळ्यात दरड येईल म्हणून कोण जागं राहतं, पगारातलं किती भाड्यात जातं, याला रकाना नाही. ही यादी गावाकडची गरिबी डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखी वाटते मला. मुंबईत ती मवाळ पडते.

लालबागची लेक:

काकांनी मोजायचं सांगितलं, मी कारणाचं सांगते. आमचे दादा, म्हणजे वडील, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, गिरण्याही गेल्या.

संपाआधी आम्ही श्रीमंत नव्हतो हो. दहा बाय बाराची खोली, गावाकडून आलेले दोन काका माळ्यावर. पण दादांना फंड होता, ग्रॅच्युइटी होती, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, दवाखाना होता, दिवाळीला बोनस. वाण्याकडे वही चालायची, कारण पगाराची तारीख वाण्यालाही ठाऊक. आज माझा भाऊ त्याच परिसरात, गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये गार्ड आहे. गणवेश कडक, बूट पॉलिश केलेले, हातात वॉकीटॉकी. दादांपेक्षा दिसायला कितीतरी बरा. पण कंत्राटदार बदलतो, माणूस तोच राहतो आणि नोकरी दर वेळी नवी धरली जाते. बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे गेले. पाहणीवाले आले तर त्याच्या घरात फ्रिज सापडेल, आणि ते लिहितील की मागच्या पिढीपेक्षा प्रगती.

आणि जमिनीचं काय झालं ते लिहून ठेवते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ म्हणत होता की गिरणीची जागा विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो बदलला, आणि वाटणी फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकाम उभं होतं ती जागा वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल उचलून धरला. लोअर परळला पुलावरून चालताना कोणाला वाटा मिळाला ते दिसतंच, त्याला समिती नको. आमच्या चाळीतले लोक आळशी होते म्हणून मागे पडले असं मला कोणी सांगितलं की मी ते टॉवर मोजून दाखवते.

स्पष्टवक्ता_ठाणे:

लालबागच्या ताई, संप कोणी ताणला, त्यावरही लिहा कधी. पण वाटणीचं माहीत नव्हतं, हे मान्य. माझे सासरेही गिरणीतलेच.

पार्कसाइटकर:

काका, खूप आभार. भाड्याचं वाचून आईला सांगितलं, ती म्हणाली, “म्हणजे कर्ज काढलं की आपण मोठे!” पण वरच्या १ टक्क्याचं राहिलं. गरिबी कमी होतेय आणि विषमताही कमी होतेय, असंही वाचलं मी एका ठिकाणी.

नमुनेवाले काका:

आई बरोबर बोलल्या.

वाचलंस तेही आकडेवारीतलंच आहे. विषमता मोजायला गिनी गुणांक वापरतात, कोराडो गिनी नावाच्या इटालियन संख्याशास्त्रज्ञाचा. सगळ्यांकडे सारखं असेल तर शून्य, सगळं एकाकडेच असेल तर एक. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी भारताचा गिनी ०.२८४ आला, आदल्या वर्षी ०.३१४ होता. ग्रामीण ०.२३७. हे वाचून वाटतं की आपण फारच समतेचा देश! पण हा गिनी खर्चाचा आहे, कमाईचा नाही आणि संपत्तीचा तर नाहीच. माणूस कितीही पैसेवाला असो, डाळ-भात दोनच वेळा खाणार. त्याने तिसरा फ्लॅट घेतला, शेअर घेतले, सोन्याची बिस्किटं घेतली, तर ती गुंतवणूक, आमच्या खर्चाच्या बेरजेत ती येत नाही. तुझ्या सरांचा आकडा वेगळ्या वाटेने आलाय. पॅरिसच्या वर्ल्ड इनिक्वॉलिटी लॅबच्या अभ्यासकांनी प्राप्तिकराची आकडेवारी, अब्जाधीशांच्या याद्या आणि पाहण्या एकत्र करून २०२४ मध्ये काढला: २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. त्यातही अंदाज आहेत आणि त्यावर वाद आहेत. पण खर्चाचा गिनी दाखवून तो खोडता येत नाही, दोघं वेगवेगळं मोजतात. तुझे दोन्ही आकडे एकमेकांना कापत नाहीत ते यामुळेच. तळाचा माणूस साठ रुपयांच्या रेषेच्या वर सरकला म्हणून वरच्याचा फ्लॅट कुठे कमी होतो?

आणि मी जे डोळ्यांनी पाहिलं ते असं. नमुन्यात घर निघालं की ते निघालं, आपल्या मर्जीने बदलायचं नाही. धारावीत दार उघडंच असायचं. ‘बसा साहेब’ म्हणून चहा, वरून शेजारीण येऊन सांगणार की हिने मागच्या आठवड्यात मटण आणलं होतं, ते लिहा. प्रभादेवीच्या टॉवरमध्ये मात्र आधी गेटवर वही, मग इंटरकॉम, मग सेक्रेटरींची परवानगी, मग ‘साहेब टूरवर आहेत’. ओळखपत्र दाखवलं तर रखवालदार आपल्यालाच दबकत सांगायचा, “आम्हाला ओरडा बसेल हो.” कितीदा तरी ते घर शेवटी ‘मिळाले नाही’ म्हणून नोंदवावं लागायचं आणि बदली घर घ्यावं लागायचं. बदली घर साधारण कसं असतं, तर दार उघडणारं.

एकदा एका घरात प्रवेश मिळाला. बाई भल्या होत्या, पण महिन्याला तेल किती लागतं हे त्यांना सांगता येईना. त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, “अगं, ह्यांना सांग जरा.” मग पोळीवाल्या मावशींनी पदराला हात पुसत घडाघडा सांगितलं, तेल, रवा, बासमती, मुलांचं चीज, कुत्र्याचं खाणंसुद्धा. स्वतःच्या घरातली डाळही त्यांनी इतकी चटकन सांगितली नसती. श्रीमंताचा खर्च मला गरिबाने सांगितला. पार्कसाइटकर, तुझ्या आईचा धंदाच तो, म्हणून आणखी एक सांगतो. कामाच्या घरी मावशींनी जो चहा-पोळी खाल्ली ती आमच्या नियमाने वाढणाऱ्याच्या खर्चात जाते, खाणाऱ्याच्या नाही. दोनदा धरली जाऊ नये म्हणून तसा नियम. पण त्यामुळे मालकीणबाईंच्या घरचे उष्मांक फुगतात आणि मावशींच्या घरचे सुकतात. मुंबईत अशी घरं किती, कल्पना कर.

हे वरिष्ठांना कळत नाही असं नाही. २०२२-२३ च्या पाहणीत शहरी घरांची विभागणीच मोटारीवरून केली: दहा लाखांच्या वरची गाडी असलेली घरं एका थरात, त्याखालच्या गाडीवाली दुसऱ्यात, बाकी तिसऱ्यात, म्हणजे वरची थोडी तरी नमुन्यात पक्की यावीत. आणि एका घरी तीन वेगळ्या महिन्यांत तीन फेऱ्या: एकदा खाणं, एकदा रोजच्या वापरातल्या वस्तू आणि सेवा, एकदा टिकाऊ वस्तू. पूर्वी आम्ही सगळं एका बैठकीत विचारायचो, माणूस शेवटी जांभया देऊन ‘लिहा काहीही’ म्हणायचा. नवी पद्धत बरी आहे. फक्त आता २०११-१२ शी थेट तुलना करताना जपून, कारण मोजपट्टीच बदलली. तुलना करणारे ते तळटिपेतसुद्धा लिहीत नाहीत, याचा मला राग येतो.

२०२३-२४ मध्ये शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६९९६ रुपये आला. तुम्ही पाच हजारांवर, त्यातून भाडं गेलं की माणशी सव्वातीन हजार. रेषेच्या वर, सरासरीच्या खाली, आणि पप्पा एक महिना आजारी पडले तर काय, हे ना त्या आकड्यात ना ह्या. माझ्या नोकरीत मुंबईची सगळ्यात जास्त घरं मी ह्याच पट्ट्यात पाहिली.

लालबागची लेक:

पार्कसाइटकर, गप्पा झाल्या, आता दाखल्याचं बघ. आमच्या पुतणीचं गेल्या वर्षी केलं म्हणून सांगते. एका वर्षाचा काढू नकोस, तीन वर्षांचा काढ, नाहीतर दरवर्षी तीच रांग. ‘आपले सरकार’वरून अर्ज होतो. पप्पांकडे पगारपत्रक नसणार, तर स्वयंघोषणापत्र लावा आणि रिक्षाचं परवाना-बॅज असेल ते जोडा. आकडा खरा तोच लिहा. २ लाख ४० हजार लिहून काहीही अडत नाही, कारण शिक्षण शुल्काच्या सवलतीला मर्यादा ८ लाख आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्या, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ते लागू नाही. कॉलेज आधी पूर्ण फी मागेल, तेव्हा शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा. आमच्याकडे ती दाखवल्यावरच क्लार्कने वही उघडली.